मुरत ठेवलेली वाईन

आमच्या मामेसासऱ्यांइतका धीराचा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही, आणि दुसऱ्याच्या धीराचा त्यांच्याइतका अंत पाहणाराही. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा मूळचे सांगलीचे, पाण्याच्या पाइपलाइनींचे इंजिनिअर, आणि गेली चाळीसेक वर्षं श्रूजबरीकर. जगातली कुठलीही वस्तू आणल्या आणल्या वापरायची नसते, ती आधी मुरू द्यायची असते, असा त्यांचा सिद्धान्त. नवा शर्ट त्यांच्याकडे दोन दिवाळ्या कपाटात मुरायचा. बर्फ उडवायचं यंत्र हौसेनं आणलं, तर पहिला हिवाळाभर ते गराजमध्ये खोक्यात आणि मामा बाहेर गुडघाभर बर्फात, हातात फावडं घेऊन. मुलीनं वाढदिवसाला दिलेला फोन त्यांनी इतका जपून ठेवला की, बाहेर काढला तेव्हा त्याला लागणारा चार्जर दुकानात मिळेनासा झाला होता. "बघ, किती टिकला," असं मामा मला कौतुकानं म्हणाले. मामी मात्र हे सगळं हसण्यावारी न्यायच्या. लग्न होऊन नव्यानं अमेरिकेत आल्यावर महिनाभर आपल्यालाही कुठं फिरायला नेलं नव्हतं, मुरत ठेवलं होतं, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

आता अशा माणसाच्या हाती वाईन पडणं हा योगायोगच म्हणायचा. मामांना पिण्याची आवड होती असं मुळीच नाही. एका ख्रिसमसला त्यांच्या साहेबानं घरी जेवायला बोलावलं, बेसमेंटमधून धूळ बसलेली एक बाटली वर आणली, आणि वर्षानुवर्षं नुसती ठेवून दिल्यानं तिचं कसं सोनं झालं ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. मामांनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घेतलं. काहीच करायचं नाही, नुसती ठेवायची, आणि ती आपोआप सुधारते. अशी वस्तू आपण आजवर घरात आणली कशी नाही याची त्यांना हळहळ लागली. लगेच दुकानात जाऊन त्यांनी फ्रेंच लाल वाईनचं एक अख्खं खोकं आणलं. बारा बाटल्या, आणि त्याही दुकानातल्या सगळ्यात स्वस्त. चांगली वाईन महाग असते ती दुसऱ्यानं मुरवलेली असते म्हणून, तेव्हा आपण कच्ची घ्यावी आणि घरी मुरवावी, इतका सरळ विचार. काउंटरवरच्या माणसानं भल्या मनानं सांगितलं की ही ठेवायची वाईन नव्हे, या वीकेंडला पिझ्झ्याबरोबर पिऊन टाका. मामांना त्याची कीव आली. त्याच्या घरात कधी कोणी लोणचं घातलेलं दिसत नाही, असं त्यांनी घरी येऊन मामींना सांगितलं.

लोणच्याचं शास्त्र त्यांच्या घरात पिकलेलं होतं. मामींचं लिंबाचं लोणचं म्हणजे औषध. काळं, मऊ, लोण्यासारखं झालेलं, आणि त्याचं वय विचारलं तर मामी आपली मुलं तेव्हा कितवीत होती ते आठवून सांगत. श्रूजबरीपासून शेजारच्या वूस्टरपर्यंत कुणाच्याही तोंडाची चव गेली की त्या बरणीतली एक फोड पेजेबरोबर जायची. मामांनी हेच शास्त्र जसंच्या तसं वाईनला लावलं. बरणीच्या तोंडाला दादरा बांधतात, म्हणून बाराही बाटल्यांच्या गळ्याला पांढरी फडकी आली. ओला हात लागता कामा नये, असा सक्त नियम झाला. आणि मुरायला घातलेल्या वस्तूला ऊन दाखवावं लागतं, म्हणून पहिल्याच जुलैत साखरांब्याच्या बरणीशेजारी डेकवर दोन बाटल्या उन्हात जाऊन बसल्या. दोन-तीन दिवसांत एकीचं बूच वर आलं आणि वाईन फळ्यांवरून ओघळली. दुसरी उघडून पाहिली तर तिला उकडलेल्या मनुकांचा वास. ती मामींनी गुलाबाला घातली. गुलाब मेला नाही, याचं श्रेय मामा वाईनच्या जातिवंतपणाला देत.

त्यानंतर त्यांनी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. वाईनला ऊन चालत नाही, अंधार आणि गारवा लागतो, बाटली आडवी ठेवावी आणि हलवू नये, हे सगळं त्यात होतं. उरलेल्या दहा बाटल्या मग बेसमेंटच्या गार कोपऱ्यात, मुलांच्या जुन्या बुटांच्या रॅकमध्ये आडव्या झाल्या. न हलवण्याचं मात्र मामांनी ऐकलं नाही. तळाचा खार वर आल्याशिवाय लोणचं मुरतं का? दर रविवारी आंघोळ झाली की हात कोरडे करून ते खाली जात आणि एकेक बाटली तान्ह्या मुलाची कूस बदलावी तशी हळूच वळवून येत. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा चहापाण्याच्या आधी मला बेसमेंट दाखवण्यात आलं. बाहेर पाऊस होता आणि माझ्या अंगावर ओला रेनकोट होता. अर्ध्या जिन्यावरून मला परत पाठवलं, आणि हातपाय पुसून आल्यावरच दर्शन झालं.

पण या सगळ्या हसण्याखाली एक वचन होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या बाटल्यांवर एक चित्र होतं. नदीकाठी दुमजली बंगला, त्याला निळं छप्पर, दाराशी दोन उंच झाडं. धूळ पुसता पुसता मामींना ते चित्र आवडायला लागलं. मामी काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या, पण एकदा त्या म्हणाल्या की इथं एकदा जाऊन येऊ या. मामांनी तिथल्या तिथं कबूल केलं. वाईन तयार झाली, की ती जिथून आली तिथं दोघांनी जायचं. मामींनी ते मनावर घेतलं. लायब्ररीतून फ्रेंच शिकायच्या सीडी आणल्या आणि पोळ्या लाटताना ऐकायला सुरुवात केली. आपण शाकाहारी आहोत आणि आपल्याला चहा हवा आहे, एवढं त्यांना फ्रेंचमध्ये अस्खलित सांगता यायला लागलं. पासपोर्ट तर त्या मुदत संपायच्या आत नवा करून आणत.

पुढं दर तीनेक वर्षांनी मामा एक बाटली काढत. कधी मुलीचं ग्रॅज्युएशन, कधी मुलाची नोकरी, निमित्त काही का असेना, घरात सगळ्यांचं लक्ष मामांच्या पहिल्या घोटाकडे. पहिली बाटली म्हणे इतकी तुरट निघाली की, कच्ची जांभळं खाल्ल्यासारख्या सगळ्यांच्या जिभा जड झाल्या आणि पाहुण्यांनी पाणी मागितलं. पुढच्यांचा तुरटपणा उतरत गेला, जांभळा रंग लालावर आला, आणि त्या दुकानदाराचं म्हणणं खोटं ठरायला लागलं. पिझ्झ्याबरोबर संपवायची ती वाईन दशक उलटलं तरी तग धरून होती. तरी मामांचा निकाल ठरलेला: अजून मुरायचीय. निकाल लागला की मामी सीडी पुन्हा पहिल्या धड्यापासून लावत.

माझ्या त्या पहिल्या भेटीतही एक बाटली उघडली होती. वाईन तेव्हा वीस वर्षांच्या आसपासची असेल. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण ती चव अजून आठवते. कडेनं विटकरी झाक आली होती. सुक्या अंजिरांचा, आमसुलांचा, जुन्या लाकडी पेटीचा असा काहीतरी मिळून वास होता, आणि तुरटपणा नावालाही नव्हता. मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं. मामींनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. मामांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मग मामींकडे न बघता, ग्लासाकडे बघत ते म्हणाले, "अजून जरा मुरायला हवी." मामी पुऱ्या तळायला आत गेल्या.

त्यानंतरच्या बाटल्या पातळ होत गेल्या. मामा दर वेळी तेच बोलत, पण आवाजात जोर नसे. मामींच्या आधी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, आणि जिना उतरणं बंद झालं. फ्रान्सचा विषय कुणी काढेनासं झालं. आम्हीसुद्धा काढला नाही. दोघांनाही वाईट वाटलं असतं.

गेल्या वसंतात त्यांनी घर विकलं. मुलगी क्युपर्टिनोला असते, तिच्याजवळ राहायला जायचं ठरलं. सामान बांधायला एका रविवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. घरभर खोकी, आणि मामा कधी न घातलेल्या शर्टांना घड्या घालत होते. बुटांच्या रॅकमधली शेवटची बाटली त्यांनी वर आणली आणि ती लोणच्याच्या बरण्यांबरोबर बांधावी की कपड्यांत गुंडाळावी याचा खल सुरू केला. मामी खुर्चीवर बसून ताटं कागदात गुंडाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ती आता उघडा."

इतक्या वर्षांत मामींनी मामांना हुकूम केलेला मी कधी ऐकला नव्हता. मामांनीही नसावा, कारण ते मुकाट्यानं बूच काढायला बसले. बुचाचा हातातच भुगा झाला आणि निम्मा आत पडला. मग श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं एका खोक्यातून शोधून काढलं आणि त्यातून वाईन गाळली. ग्लास बांधून झाले होते, म्हणून ती स्टीलच्या फुलपात्रांत ओतली. रंग कोऱ्या चहासारखा. आधी बंद कपाटाचा वास आला. मग हळूच त्यातून गुलकंदासारखं काहीतरी वर आलं, इतकं गोड की आम्ही सगळे हसलो. मामांचा चेहरा उजळला. पण फुलपात्रं दुसऱ्यांदा तोंडाला लावेपर्यंत ते कुठंतरी निघून गेलं, आणि उरलं नुसतं आंबट पाणी.

मामांनी फुलपात्र खोक्यावर ठेवलं. "उतरली ही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तयार होती ती सूनबाई पहिल्यांदा घरी आली तेव्हाची. मला पहिल्याच घोटात कळलं होतं."

मग तेव्हा बोलला का नाहीस, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तयार झाली म्हटलं, की मग पुढे ती उतरायलाच लागते ना रे," मामा म्हणाले. "मला वाटलं, पुढची गोष्ट अजून थोडे दिवस पुढेच राहू दे. काहीतरी यायचंय, असं घरात असावं."

मामींनी हातातलं ताट पुरतं गुंडाळलं, त्याला टेप लावली आणि म्हणाल्या, "मलाही कळलं होतं. त्या दिवशी ग्लास धुताना तुमच्या ग्लासात घोटभर उरली होती. मी प्यायले."

"तू? मग तू का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

मामा खाली मान घालून बसले होते, आणि असा अपराधी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मामींनी त्यांना तसं फार वेळ बसू दिलं नाही. "माझा पासपोर्ट चालू आहे," त्या म्हणाल्या, "तुमचा बघा." मामांचा पासपोर्ट एका खोक्याच्या तळाशी मिळाला. तो केव्हाच मुरून गेला होता.

निघताना मामींनी मला लोणच्याची एक नवी बरणी दिली आणि मामांनी तिच्याबरोबर सूचना दिली, की तीन वर्षं हिला हात लावायचा नाही.

सप्टेंबरात ती दोघं खरंच गेली. मामी विमानतळावर व्हीलचेअरमध्ये आणि मामा मागून ती ढकलत, आणि या वेळी अंगावर नवा शर्ट, दुकानाच्या घड्या मोडायच्या आधीचा. चार दिवसांनी फोटो आला. त्यात ना नदी, ना निळं छप्पर. हमरस्त्याला लागून पत्र्याचं एक भलंमोठं गोडाऊन, समोर दोन टँकर, आणि त्या टँकरांच्या मधोमध आमच्या मामी व्हीलचेअरमध्ये बसून पोट धरून हसताहेत. फोटोमागून त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "बंगला नाहीये गं इथं. तो म्हणे छापणाऱ्यानं मनानं काढला होता. पण माणसं चांगली आहेत. माझं फ्रेंच त्यांना कळलं, चहा मिळाला." मग मागून मामांचा आवाज. "नवी बाटली दिली त्यांनी. मी म्हटलं, घरी नेऊन ठेवू. ही ऐकेना. तिथंच बाकावर बसून उघडली. कच्ची आहे, सूनबाई. जीभ जड झाली. पण संपवली."

मी तो मेसेज दोनदा ऐकला. मग हात धुतले, नीट कोरडे केले, आणि फडताळातून मामींची बरणी काढून दादरा सोडला. लिंबं अजून कडक होती आणि सालं चांगलीच कडू. त्या दुपारी मी आणि नवऱ्यानं दहीभाताबरोबर चार-चार फोडी खाल्ल्या, आणि मामांना काय सांगायचं ते ठरवत बसलो.