सातापाने शोधलेल्या खोल्या

सातापा गेल्याचा निरोप मला कचेरीत मिळाला. शहापुरातले विणकर आप्पा स्वतः चालत आले होते. कॉलेजात असताना सातापा त्यांच्याच घरी राहिला, आणि पुढे शाळेत मास्तर झाल्यावर त्याने बिऱ्हाडही त्यांच्या शेजारीच केलं. आप्पा दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर गेलं. सकाळी." विषमज्वर होऊन तीन आठवडे झाले होते. मी टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर निघालो. त्याला आता दीड महिना झाला.

सातापा आणि मी निपाणीजवळच्या एकाच गावचे. माझे वडील गावचे शाळामास्तर, त्याचे वडील वहाणा शिवायचे. निपाणीला मॅट्रिक झालो, बेळगावात कॉलेज निघून थोडीच वर्षं झाली होती, म्हणून संकेश्वरवरून मोटारीने बेळगावला आलो. सामान धर्मशाळेच्या पडवीत टाकून खोली शोधायला निघालो. आम्हाला वाटलं होतं, कॉलेजच्या आसपास पोरं राहतात, तिथेच कुठेतरी जागा मिळेल. टिळकवाडीत खोल्या होत्याही. पण प्रत्येक दारात भाड्याच्या आधी विचारत, "तुम्ही कुणाचे?" सातापा खरं ते सांगे आणि आम्ही पुढच्या दाराकडे वळत असू. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "नुसतं शेतकऱ्याचा मुलगा म्हण की." तो म्हणाला, "आणि मग वरीसभर तेच म्हणत ऱ्हाऊ?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी पुढच्या दाराची कडी वाजवली.

तिसऱ्या दिवशी एका घरच्या बाई म्हणाल्या, "एकाचीच सोय होईल. मास्तरांच्या मुलाची." मी काही बोलायच्या आतच सातापा म्हणाला, "ऱ्हा तू. मी बघतो माझं." धर्मशाळेतून माझी ट्रंक आणताना एका बाजूची कडी त्याने धरली होती. पायरीपाशी ट्रंक ठेवली आणि तो मागे फिरला. मी त्याला थांबवलं नाही. दमलो होतो हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं.

त्याला जागा शहापुरात मिळाली. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, म्हणजे बोलायला गेलं तर दुसरंच राज्य, आणि कॉलेजला रोजची लांबची पायपीट. आप्पांनी त्याला एवढंच विचारलं होतं, "पहाटेपासनं मागाचा खटखटाट असतोय. अभ्यास हुईल न्हवं?" अभ्यास झाला. बी.ए.ला तो माझ्यापेक्षा वरच्या वर्गात आला.

मास्तर झाल्यावर त्याने एक उद्योग अंगावर घेतला. मे महिन्यात शाळा सुटली की तो वडगाव, शहापूर, अनगोळ इथल्या गल्ल्या पायी फिरायचा. कुठल्या घरात खोली रिकामी आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या घरात पोराला कसं वागवतील, हे बघून यायचा. मग जूनमध्ये छत्री घेऊन मोटारस्टँडवर उभा. वळकटी सावरत उतरलेलं गोंधळलेलं पोर त्याला लांबूनच ओळखू येई. "कॉलेजला आलाईस व्हय रं? चल." तीन दिवस दारोदार फिरायची पाळी त्याने पुढे कुणावर येऊ दिली नाही. त्याने यादी कधी केली नाही, सगळी घरं त्याला तोंडपाठ होती.

बारा वर्षांपूर्वी मी टिळकवाडीत घर बांधलं, आईला गावाहून आणलं, तेव्हा बाहेरच्या अंगाला एक सुटी खोली काढली. एका जूनमध्ये मी त्याला सहज म्हणालो, "माझ्याकडे कुणाला आणत नाहीस ते?" तो म्हणाला, "तुझ्या आईला इचारलाईस?" मी म्हणालो, विचारतो. त्या वर्षी विचारलं नाही, पुढच्याही नाही. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. आमचं येणंजाणं होतं, म्हणजे मी त्याच्याकडे जात असे...

या जूनमध्ये त्याच्या शाळेकडून येणं असलेल्या पैशांच्या कागदांसाठी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा पडवीत दोन मुलं वळकट्यांवर बसली होती. त्याची बायको तानाक्का त्यांना स्टँडवरून घेऊन आली होती. तिला अक्षरओळख नाही. "मालक गेल्यात हे त्यास्नी ठावं न्हाय. पोरं येत्यातच," ती म्हणाली. एकाची सोय झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. मी म्हणालो, "माझी खोली आहे." ती म्हणाली, "आधी बघाय येतो."

दुसऱ्या दिवशी ती आली. खोली पाहिली, खिडकी उघडझाप करून बघितली. मग आमच्या सोप्यावर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या वाईच." मी आत जाऊन तांब्या-भांडं आणलं. आई माजघराच्या दारात उभी होती. तानाक्का पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि तशीच बसून राहिली. काही वेळाने आई बाहेर आली, ते भांडं उचललं आणि आत घेऊन गेली. तेव्हा तानाक्का उठली. "सोमवारी पाठवतो पोराला," म्हणाली.

तो मुलगा आता त्या खोलीत राहतो. चिकोडीकडचा आहे, मोठ्याने वाचायची त्याला सवय आहे. त्याचा आवाज ऐकत मी कधी कधी सोप्यावर बसतो आणि आठवून बघतो. बारा वर्षांत सातापा किती वेळा या रस्त्याने गेला असेल... त्याला कधी आत बोलावून पाणी विचारल्याचं मला आठवत नाही.