भरल्या गाडीची ट्रायल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आजोबा देवळातले पुजारी, वडील तहसीलमध्ये कारकून. दोघांचा संयम माझ्या वाट्याला आलाच नाही. बँकेतली नोकरी सोडून मी पडेगावला रोपवाटिका काढली आणि माल पोचवायला डिझेलचा नवाकोरा पिकअप घेतला, तेव्हा घरचे म्हणाले, मीनाक्षीचं डोकं फिरलंय. तेव्हा फिरलं नव्हतं. ते फिरवलं त्या गाडीने.

गाडी रिकामी असली की गुणी बाळ. ओल्या मातीच्या पिशव्या भरून खुलताबादच्या घाटाला लागले की तिची नाटकं सुरू. ॲक्सिलरेटर दाबावा तर क्षणभर काहीच नाही. पाय खाली, गाडी ढिम्म. मग एकदम हिसका देऊन पळायची. शोरूमवाल्यांनी दोनदा कॉम्प्युटर लावून पाहिला आणि दोनदा हसून सांगितलं, "मॅडम, नव्या गाड्या अशाच. सवय करा." तिसऱ्यांदा मी तिथे आवाज चढवला आणि गाडी नानासाहेबांच्या गॅरेजवर आणली.

नानासाहेबांना सगळे नाना म्हणतात. साठीला टेकलेले, उंच, खांद्यात वाकलेले. खुलताबादकडच्या शेतकरी घरातले. भावांनी शेती धरली, यांनी पाना धरला. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव आहे. पण ड्रायव्हर मंडळी त्यांची चेष्टा करतात ती वाळूच्या पोत्यांवरून. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी पंचवीस-पंचवीस किलोची चाळीस पोती रचलेली असतात. मालाची कुठलीही गाडी आली की ती पोती तिच्यात चढवायची, घाटात नेऊन आणायची, पोती उतरवायची, मगच किल्ली द्यायची. पोती नाना एकटेच उचलतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. "नाना, तालीम काढा," असं कोणी म्हटलं की बाकीचे हसतात. नाना हसत नाहीत.

डिसेंबरातली दुपार होती. चाळिसावं पोतं चढेपर्यंत माझा जीव नुसता कावला होता. मग गाडी निघाली. नाना चालवत होते, मी शेजारी.

"पूर्वी पायाला तार व्हती, ताई," ते म्हणाले. "पाय दिला की तार ओढायची, डिझेल जायचं. आता तार नाय. पाय नुसता कळवतो. कॉम्प्युटर ठरवतो, टर्बोचा पंखा इंजिनात हवा भरतो, मंग गाडी उचलते."

"म्हणजे अर्ज द्यायचा आणि साहेबाच्या सहीची वाट बघायची."

"व्हय. थोडी वाट सगळ्याच नव्या गाड्यांत हाय. गियर आधी उतरवा, पाय मागून द्या, कुनाला मागं टाकायचं तर आधी पुढं लांबवर बघा. पन तुमच्या गाडीत वाट जास्त हाय."

घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्यांनी पाय दिला. गाडी नेहमीसारखी ढिम्म राहिली, मग उसळली. नानांनी लगेच ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग धरून बसले. ओठ हलत होते. मी घड्याळ पाहिलं.

"नाना, मला सहाच्या आत परत..."

"तुमाला काय ऐकू आलं?" त्यांनी विचारलं. "पाय दिला आन गाडी आली नाय, त्या मधल्या टायमाला?"

"इंजिनाचा आवाज."

"मला बोलनं ऐकू येतं," ते म्हणाले.

रस्त्यावर लख्ख ऊन होतं, तरी मी माझ्या बाजूची काच वर चढवली.

ते उतरले. इंजिन थोडं निवल्यावर बॉनेट उघडून त्यांनी टर्बोची हवा नेणाऱ्या जाड रबरी पाईपाखाली बोटं घातली. बोटं तेलकट होऊन बाहेर आली. मला वाकायला लावून त्यांनी तो पाईप दाबला. खालच्या अंगाला बोटभर चीर होती. दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची.

"रिकाम्या गाडीत ही मिटलेली ऱ्हाते. माल भरला, चढ लागला, हवेचा जोर आला की उघडते. हवा भाईर जाते, गाडीला दम मिळत नाय. रिकामी चालवून कुनालाच घावायची नाय."

वळणाच्या खाली, चिंचेच्या सावलीत पेरूची एक हातगाडी उभी होती, तिच्यामागे एक बाई. नानांची नजर तिकडे गेली. गॅरेजमध्ये पेरूंचं टोपलं सडत पडलेलं मी येताना पाहिलं होतं, म्हणून मी चेष्टेनं म्हटलं, "काय नाना, ट्रायल गाडीची की पेरूंची?"

ते कठड्यावर बसले. मग जे सांगितलं ते खाली मान घालून.

ती बाई सत्यभामा. तिचा नवरा बन्सी भाजीपाला वाहायचा. तीन वर्षांपूर्वी तो नवा पिकअप घेऊन नानांकडे आला होता. तक्रार हीच, माल भरला की गाडी दम घेते. नानांनी पडेगावच्या सपाट रस्त्यावर गाडी रिकामीच पळवून पाहिली. भरून घाटात न्यायची तर अर्धा दिवस जाणार होता. "गाडीत काय नाय," ते त्याला म्हणाले. "तुझा पाय जुन्या गाडीचा हाय. पाय बदल." दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "नाना, अजून तसंच हाय." नाना म्हणाले, उद्या बघू.

त्या उद्याला याच वळणावर बन्सी उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला निघाला. पाय दिला. गाडी आली नाही, समोरून ट्रक आला. ट्रकला चुकवताना तो दरीत गेला.

"ट्रॅक्टरवाला म्हनला, बन्सीनं घाई केली. गावानं तेच धरलं," नाना म्हणाले. "मी पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी बघायला गेलो. पाईपाखाली हात घातला. चीर लागली. तेवढा तुकडा कापला आन खिशात घातला. कुनाला बोललो नाय. तवापासून गाडी कुनाची बी असू द्या, पाय दिला की त्या मधल्या टायमाला बन्सी बोलतो. नाना, अजून तसंच हाय."

मला विलक्षण संताप आला. मी म्हटलं, "आणि तीन वर्षं नवऱ्याची चूक ऐकून घेणाऱ्या बाईकडून तुम्ही पेरू घेता?"

"रोज सांगायला म्हून जातो, ताई. तोंडातून पेरूच निघतात."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्या माणसाची भीतीच वाटली. इतकी वर्षं हे एकट्यानं उरात घेऊन कोणी कसं जगतं? "उठा," मी म्हटलं. "आज मी बरोबर आहे."

बरोबर आणलेल्या हत्यारांच्या पेटीच्या तळातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला रबराचा तुकडा काढला. आम्हाला येताना पाहून सत्यभामानं न विचारता दोन किलो पेरू तोलले होते. नानांनी तुकडा पेरूंवर ठेवला आणि सगळं सांगितलं. एकदाही वर न बघता, पण सगळं.

तिनं तुकडा उचलून नानांच्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी म्हनले व्हते, गाडी दाखवा मंगच निघा. ते म्हनले, नानानं बघितली हाय, माझाच पाय चुकतो."

नानांनी डोळे मिटले.

"मला सांगून काय उपेग? माझ्या सासूला सांगा. दिवा लावताना रोज फोटोला इचारती. तीन वरसं ते ऐकत मी भाकरी थापते."

तिनं पेरूंवर गोणपाट टाकलं आणि गाडीत येऊन बसली.

खुलताबादच्या वेशीआत पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. घर दोन खोल्यांचं. सासू, आवडाबाई, भिंतीवरच्या फोटोपुढे दिवा लावत होत्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"काय घाई व्हती रं तुला?" त्यांनी फोटोला विचारलं. रागानं नाही, जेवलास का, असं विचारावं तसं.

"माय," नाना दारातूनच म्हणाले, "बन्सीनं घाई केली नाय. त्यानं पाय दिला व्हता. गाडी आली नाय."

आणि पुन्हा सगळं सांगितलं. रिकामी ट्रायल, फोन, चीर, खिशात घातलेला तुकडा. आवडाबाईंनी तो तुकडा हातात घेतला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला, सोडला, परत दाबला. चीर उघडत होती, मिटत होती. मग फोटोजवळ जाऊन त्यांनी पदरानं काच पुसली, कोपऱ्यांपर्यंत, सावकाश. त्या रडल्या नाहीत. शिवीही दिली नाही. मला वाटलं, आता त्या आम्हाला जा म्हणतील.

त्या वळल्या आणि त्याच आवाजात नानांना म्हणाल्या, "आन तुला काय घाई व्हती रं?"

नानांनी दाराची चौकट धरली.

"गॅरेजच्या दारात चार गाड्या उभ्या व्हत्या, माय," ते म्हणाले.