चौथ्या करवंदावरचा जोर
करवंदांचा वास आला की मला आजही संताप येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत लोणावळ्याजवळ इटालियन कैद्यांची एक तुकडी होती आणि तिची हजेरी मी घेत असे. त्यांची लांबलचक नावं मी आपल्या सवयीने सपाट वाचायचो. एका म्हाताऱ्या कैद्याने माझ्या टेबलावर पाच करवंदं मांडून स्वतःच्या नावाचे पाच तुकडे दाखवले आणि चौथं रस निघेपर्यंत बोटाने दाबलं. जोर तिथे द्यायचा. मी शिकलो, तसं वाचूही लागलो. एका सकाळी हेडक्लार्क खेकसले, "अहो, तो काय तुमचा जावई आहे? सपाट वाचा!" मी सपाट वाचलं. म्हातारा ओ देईना. "मग ओ देईपर्यंत राहू दे उन्हात उभा," हेडक्लार्क म्हणाले. पहाऱ्यावरचा, जवळच्या कान्हे गावचा शिपाई माझ्या कानाशी आला, "भाऊ, लय ऊन हाय, पडंल की त्यो! नीट हाक मारा, लगीच बोलंल." नोकरीच्या भीतीने मी मान खाली घातली. दुपारी म्हातारा तोंडावर आपटला, तरी त्याने ओ दिली नव्हती. पन्नाशीपर्यंत मी हेडक्लार्कना शिव्या देत राहिलो, पण ते नाव त्यांना येतच नव्हतं. येत होतं ते मला.