बाबारावांची टाच

बाबारावांना मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पडद्याआडून अशी आरोळी आली, की दोन आठवडे अडकलेली माझी मान गर्रकन वळली आणि माझा इलाज तिथेच आटोपला. पडदा सरला. आत पालथे पडलेले बाबाराव, आणि त्यांच्या टाचेमागच्या नसेवर टकटक ठोके देणारं पिस्तुलासारखं यंत्र. जन्मभर खमरियाच्या कारखान्यात तोफगोळे भरलेला माणूस!

"शॉकवेव्ह आहे काका, करंट नाही," तिथली फिजिओ ऋचा म्हणाली. "मशीन बस शुरुआत करून देते. बाकी रोजचा व्यायाम. पंजे पायरीवर, टाचा हळूहळू खाली. आणि अनवाणी चालायचं नाही."

बाबारावांना कार्तिकात भेडाघाटची पंचकोशी परिक्रमा करायची होती. दरवर्षीसारखी, अनवाणी. टाच हवी होती ती तेवढ्यासाठी.

दोन-चारदा ठोके खाल्ल्यावर टाच हलकी झाली. मग बाबारावांनी जबलपुरातला कुठलाही सज्जन करेल तेच केलं. नर्मदामैयाचे आभार मानायला ते ग्वारीघाटापर्यंत चालत गेले. अनवाणी. परतले ते ऑटोत आडवे होऊन.

"मैयानं बरं केलं, तर तिला सांगायला नको?" ते बायकोला म्हणाले.

"तिला सांगितलं ना? आता त्या ऋचाला सांगा," कुंदावहिनी म्हणाल्या. "काहून चूप बसून राहिले?"

पुन्हा पहिल्यापासून सगळं. एव्हाना आमची दवाखान्यातली ओळख चहापर्यंत पोचली होती. सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, की ते जिन्याच्या पायरीवर कठडा धरून उभे असत. टाचेबरोबर चेहराही हळूहळू खाली जाई. वर यायला टाच तयार असे, चेहरा नसे.

"थकलो भैया," ते म्हणत. "कारखान्यात भोंगा वाजला की सुटी तरी होत होती. इथं कोणी भोंगाच नाही वाजवून राहिलं."

कार्तिक तोंडावर आला तेव्हा कुंदावहिनी आणि मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो; ऋचानं नस दाबून पाहिली. "सुधार आहे काका. पण परिक्रमा अगली बार."

बाबारावांनी पाय खाली सोडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बूट घालून गेलो तर?"

कुंदावहिनींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. या माणसानं परिक्रमेच्या वाटेवर बूटवाल्यांना आजवर काय काय ऐकवलं होतं, ते त्यांना पाठ होतं.

"बूट घालूनही नाही, काका. इतकं लांब नाही."

"अच्छा," बाबाराव म्हणाले.

परिक्रमेला कुंदावहिनी एकट्या गेल्या. बाबाराव त्या दिवशी व्यायाम करून झोपले.