येसाजीदादांचा साकव

येसाजीदादा चहा बशीत ओतून बशी शेजारच्याला देत आणि कपात उरलेला स्वतः पीत. कुणाकडेही गेले की वहाणा दाराकडे तोंड करून काढत; उठायला बरं, म्हणत. सभेत बोलण्याआधी टोपी काढून पुन्हा घालत. आणि लाकूड दिसलं, मग टेबल असो की चौकट, ते बोटाच्या पेराने ठोकून कान लावत. ही सवय अलीकडची.

ती लागली उमरठपलीकडच्या साकवामुळे. ओढ्यावरचा हा लाकडी पूल नसला, की पावसाळाभर वरची वाडी तुटते. बासष्ट साली दादा पंचायत समितीत निवडून आले आणि त्यांनी साकव बांधायला घेतला. आमच्याकडे लाकूड अवसेच्या सुमारास तोडतात. चांदण्यात तोडलेल्याला कीड लागते. पण उद्घाटनाला पक्षाचे पुढारी येणार होते आणि त्यांची तारीख ठरलेली होती. दादांनी भर चांदण्यात ऐनाची झाडं तोडायला लावली.

दुसऱ्या पावसात साकव मोडला. वरच्या वाडीतली बनुबाई त्याच्यासकट खाली गेली. तिचा पाय मोडला. दादा बघायला गेले तेव्हा मी बरोबर होतो.

"ये रे येसाजी," ती खाटेवरून म्हणाली. "तुज्या नावाची पाटी लय मजबूत हाय. ती नाय मोडली."

पुढे महाडला पक्षाची बैठक झाली. यंदा डांबरी रस्ता राहू द्या, आधी वाड्यांचे साकव करा, एवढंच दादांनी मागितलं.

"येसाजीराव, साकवावरून मोटार जाते का?" यज्ञेश्वर वकिलांनी विचारलं. पक्ष त्यांच्या शब्दावर चाले.

"मोटारीपर्यंत मानूस यायला नको का, वकीलसाहेब?"

सगळे हसले. वकीलही. ठराव रस्त्याचाच झाला.

चवदार तळ्यापाशी येऊन दादा माझ्याशेजारी बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"पक्ष सोडला रे मी."

मग त्यांनी विचारलं, "अवस कधी हाय?"

त्या अवसेला ऐनाची दोन खोडं तोडली. ती वाळू दिली. वैशाखात वाडी जमली आणि पहिलं खोड दोरांनी ओढून दोन्ही काठांवर बसवलं. दादा त्यावरून पलीकडे जाऊन परत आले. "दुसरं उद्या," म्हणाले.

सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले. मी पोहोचलो तेव्हा बशीतला चहा तसाच होता.

तेराव्यानंतर बनुबाई काठी टेकत ओढ्यावर आली. काठावर पडलेलं दुसरं खोड तिने पेराने ठोकलं, कान लावला. "घट्ट हाय," म्हणाली.

मृगाला थोडेच दिवस उरलेत. खोडाला दोर अजून बांधलेले आहेत.