भरिताच्या वांग्यांसाठी वाघ

लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने निवृत्तीनंतर अचानक लेखणी उचलावी, हा अगोचरपणा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. वाचकांनी तो उदार मनाने सोसावा. माझे आजवरचे लेखन ‘माहितीस्तव सविनय सादर’ या तीन शब्दांपलीकडे गेलेले नाही (आणि त्यातही एकदा वरिष्ठांनी दुरुस्ती सुचवली होती). तरीही यवतमाळातील आमच्या कॉलनीत या हिवाळ्यात जो वाघ शिरला, त्याविषयी मलाच लिहिणे भाग आहे. कारण तो मी आणला होता.

निवृत्त माणसाने निवांत बसावे, असा समज आहे. मला मुळात बसताच येईना! सकाळी उठून गच्चीवर टाकीतले पाणी पाहावे, खाली येऊन फाटकाची कडी पाहावी, आणि कडी नीट लागली आहे की नाही हे पुन्हा गच्चीवर जाऊन पाहावे, असा माझा दिनक्रम ठरून गेला.

“अहो, बसा न जरा एका जागी!” एके दिवशी माझी पत्नी सुमन वैतागून म्हणाली. “फिरून तुम्ही राह्यले अन् चक्कर मले येऊन राह्यली! काहीतरी छंद लावून घ्या, बाई!”

मी आज्ञाधारकपणे पेटी शिकू लागलो. शेजारच्या कुत्र्याने साथ दिली, आणि गल्लीचे मत कुत्र्याच्या बाजूने पडले. मग मोबाइलवर बुद्धिबळ खेळू लागलो. मोबाइल दरवेळी जिंकायचा आणि वर मलाच ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगायचा. शेवटी गच्चीवर कुंड्या मांडून मी वांगी लावली. वांगी बोलत नाहीत, चुका काढत नाहीत. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला यापेक्षा चांगली संगत कोणती मिळणार?

ही गोष्ट वानरांनाही पटली. पहिल्या बहराला त्यांनी प्रत्येक वांग्याचा एकेकच घास घेतला आणि उरलेले तसेच टाकून दिले. जणू तपासणी पथकच आले होते!

सुमनचा धाकटा भाऊ मधुकर याचे कळंबला शेतीच्या अवजारांचे दुकान आहे. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला आणि मला बोलायला येतो. त्या कुरतडलेल्या वांग्यांकडे पाहून तो म्हणाला, “भाऊजी, हे काही तुमच्याच्यानं होत नाही. सोमवारपासून माह्या दुकानात काउंटरवर बसा. टाइमपास बी होईल अन् माणसात बी याल.”

“हाव न! यायले घेऊनच जाय तू!” सुमन इतक्या उत्साहाने म्हणाली, की मला वाईट वाटले.

‘इथे उतरायचे आहे’ असे कंडक्टरला सांगण्याचा संकोच वाटून पुढच्या थांब्यापर्यंत जाणारा आणि तिथून पायी परत येणारा माणूस मी! दिवसभर अनोळखी गिऱ्हाइकांशी मी काय बोलणार? भीतीने माणूस शूर होतो म्हणा, मी एकदम ताठ उभा राहिलो. “पुढच्या रविवारी ये! याच झाडांवर जी बारकी वांगी उरली आहेत, त्यांचं भरीत खाऊ घालतो. नाही घातलं, तर सोमवारी दुकानात हजर!”

मधुकर हसत हसत गाडीकडे गेला आणि एक भोंगा घेऊन आला. “मंग हे ठेवा. लोकं डुकरायसाठी शेतात लावतात. वाघाचा आवाज आहे याच्यात. टायमर आहे, रिमोट बी आहे. उद्या म्हणू नका, साळ्यानं मदत नाही केली.”

भोंगा मी गच्चीवर ठेवला आणि त्याचा कोणाला त्रास होऊ नये म्हणून त्याचे तोंड घरांकडे न करता मागच्या मोकळ्या प्लॉटकडे, तिथल्या दाट झुडपांकडे केले. माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक हीच! कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला डरकाळी फुटली, ती थेट झुडपातून आल्यासारखी. वानरे कुठल्या कुठे पसार झाली. मी आनंदाने टाळी वाजवणार, तोच शेजारचे, पूर्वी माझ्याच कार्यालयात असलेले गावंडे एका पायात चप्पल आणि दुसरी हातात, अशा स्थितीत फाटकाशी धापा टाकताना दिसले.

“साहेब! वाघ! प्लॉटमंधी वाघ!”

“अहो गावंडे, तो आवाज म्हणजे...”

“तुम्ही बी ऐकला?” गावंडे रस्त्याकडे वळून ओरडले, “पाहा! साहेबानं बी ऐकला! आता तरी इश्वास बसला काय?”

अशा रीतीने खुलासा करायला गेलेला मी साक्षीदार होऊन परतलो.

दुपारपर्यंत कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर एका वाघाचे दोन झाले, आणि संध्याकाळी त्यांना पिल्ले झाली. आमच्या जिल्ह्यात वाघ ही थट्टेची गोष्ट नाही, त्यामुळे कोणी हसलेही नाही. सकाळचे फिरणे बंद पडले. दूधवाल्या राठोडने मोठ्या रस्त्यावरच दूध घ्यायला या, असा निरोप पाठवला. सारी कॉलनी हातात पातेली घेऊन, घोळक्याने, भजने म्हणत दुधाला जाऊ लागली! त्या घोळक्यात मीही होतो. (भजन मात्र मनातल्या मनात म्हणत होतो.)

“अहो, सांगून टाका न त्यायले!” सुमन माझ्या कानाशी पुटपुटली.

“सांगतो.”

“कधी?”

“भरीत झाल्यावर.”

“माय वं! त्या वांग्यांपायी सगळ्याहिचा जीव घेता का आता?”

मी दररोज खुलासा करायला निघत असे आणि दररोज कोणीतरी माझा हात हातात घेऊन म्हणत असे, “साहेब, तुम्ही जवळ राहता, जपून राहा.” इतक्या प्रेमाने बोलणाऱ्या माणसाला ‘वाघ माझाच आहे’ असे कसे सांगावे? तिकडे गावंड्यांना तर वाघाचे कौतुकच वाटू लागले. “काय टायमाचा पक्का आहे हो! रोज सहा म्हंजे सहा! आपल्या हाफिसात कोणी होतं काय असं?” अभिमानाने माझी मान किंचित ताठ झाली, हे कबूल करतो.

आणि वांगी? वांगी सुरेख फुगत होती! काळी, तुकतुकीत, देठाशी हिरवी. रोज रात्री झोपण्यापूर्वी आणि नंतर झोप न लागल्यामुळे पुन्हा, मी त्यांना पाहून येत असे.

रविवार उजाडला. वांगी आदल्या दिवशीच तोडून ठेवावी, असे सुमनचे म्हणणे होते. परंतु तोडलेली वांगी पाहून मधुकर ‘बाजारातून आणली’ म्हणणार, याची मला खात्री होती. ती झाडालाच दिसायला हवी होती. नेमके त्याच सकाळी गावंडे एका तरुण वनरक्षकाला आणि निम्म्या कॉलनीला घेऊन दारात उभे राहिले. “तुमच्या गच्चीवरून प्लॉट साफ दिसते, साहेब. अन् मेन साक्षीदार तर तुम्हीच!”

मी पुढे धावलो, भोंग्याचा टायमर बंद केला आणि त्याच्यावर गोधडी टाकली. मंडळी गच्चीवर आली. वनरक्षक गोधडीशेजारीच उभा राहून अदबीने विचारू लागला.

“साहेब, प्रत्यक्ष पाह्यला का तुम्ही?”

“पाहिला नाही. ऐकला.”

“किती दुरून?”

“अगदी जवळून,” मी म्हणालो. आठवडाभरात माझ्या तोंडून पडलेले हे पहिले संपूर्ण सत्य होते.

सगळे कठड्याला टेकून झुडपांकडे पाहू लागले. मी एकटाच मागे पाहत होतो, म्हणून मला दिसले: टाकीवर वानरांची टोळी येऊन बसली होती! एक थोराड वानर खाली उतरले. मग दुसरे. पहिल्याने माझ्या सर्वांत मोठ्या वांग्याकडे हात लांबवला. त्याच क्षणी जिन्यातून मधुकरचा आवाज आला, “भाऊजी, वांगे भाजाले तुरीच्या तुराट्या आणल्या बरं!”

माझ्या खिशात रिमोट होता. एका बाजूला आयुष्यभराची अब्रू, दुसऱ्या बाजूला वांगी आणि कळंबचे काउंटर. अंगठ्याने माझ्या संमतीची वाट पाहिली नाही.

गोधडीने डरकाळी फोडली.

वनरक्षकाने उडी मारली ती थेट कुंडीत! गावंडे टाकीच्या शिडीवर मधोमध लटकले आणि तिथूनच “पया! पया!” ओरडू लागले. मधुकरने तुराट्यांचा भारा वर फेकला आणि स्वतः खाली गेला. उरलेली कॉलनी एकमेकांच्या पाठीमागे लपण्यासाठी गोल गोल फिरू लागली.

फक्त वानरे हलली नाहीत. आठवडाभर रोज तीच डरकाळी ऐकून ती तिला पुरती सरावली होती! त्यांनी शांतपणे वांगी खाल्ली, या खेपेस देठापर्यंत खाल्ली, आणि एक लहानगे पिल्लू तर गुरगुरणाऱ्या गोधडीवर ऊब घेत बसले.

सुमनने पुढे होऊन गोधडी ओढली.

“हे काय आहे, साहेब?” कुंडीतून वनरक्षकाने विचारले.

“माझा छंद आहे,” मी म्हणालो.

मी सर्वांची हात जोडून माफी मागितली. वनरक्षकाने कडक समज दिली, गावंडे अद्याप माझ्याशी बोलत नाहीत (फिरायला मात्र पुन्हा जाऊ लागले आहेत), आणि सोमवारपासून मी कळंबला काउंटरवर बसतो. पहिले दोन दिवस मी गिऱ्हाइकांना केवळ मान हलवून सामान दिले आणि ते निभावलेही. परंतु काल एक वयस्कर शेतकरी आले, त्यांनी फळीवरचा तसलाच भोंगा उचलला आणि माझ्या डोळ्यांत रोखून पाहत विचारले, “साहेब, तुम्ही शिकलेले दिसता. खरं सांगा बरं, यानं वांदरं पयतात का?”

मधुकर मागून खोकला. मी “पाणी पिऊन येतो” असे सांगून जो घरी आलो, तो आज दुकानात गेलेलो नाही. मधुकरचा निरोप आहे, की ते शेतकरी उद्या पुन्हा येणार आहेत. मी त्यांना काय उत्तर द्यावे?