भुलीत मी काही बोललो तर न्हाई ना?

आमच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी चपलांचा ढीग साचतो ना, तसे ते आपोआप साचतात. मी भूल देणारी डॉक्टर. हिंगोलीतले दोन-तीन दवाखाने, अधूनमधून सेनगाव, कधी वारंगा फाट्याकडून फोन आला की तिकडे धावायचं. लोक मला नावानं ओळखत नाहीत, ‘भूलवाल्या मॅडम’ म्हणतात. म्हणोत! माझी तक्रार वेगळीच आहे.

शुद्धीवर आल्यावर “ऑपरेशन नीट झालं का?” असं विचारणारा पेशंट मला फार क्वचित भेटलाय. पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, भुलीत मी काही बोललो तर न्हाई ना?” अरे बाबा, तुझं पोट आम्ही आत्ता शिवलं, त्याचं विचार की! घसा फोडून सांगते, भूल म्हणजे नार्को टेस्ट नव्हे. शुद्धीवर येताना माणूस पाणी मागतो, ‘आई गं’ म्हणतो, फार तर एखादी शिवी हासडतो. पण ऐकतंय कोण?

कनेरगाव नाक्याजवळ ढाबा चालवणारा एक गडी होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं. मी त्याला नीट समजावून सांगत होते, कमरेत इंजेक्शन देणार आहे, घाबरायचं नाही. पण त्याचं ध्यान भलतीकडंच! ऑपरेशनच्या आधी त्यानं बायकोला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, सगळं सांगून टाकलं. भुलीत बाहेर पडण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, हा त्याचा हिशोब. आतून स्टीलचा डबा आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला!

मग त्याला टेबलवर घेतलं, कमरेत इंजेक्शन दिलं. पाय बधिर झाले. तो वाट बघतोय. बऱ्याच वेळानं म्हणतो, “मॅडम, मी तर जागाच हाय. भूल कवा चढणार?”

“चढली की. तुम्हाला कमरेखालचीच भूल. तुम्ही जागेच राहणार.”

तो छताकडं बघत पडून राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “हे आधी जोरात सांगावं का न्हाई वो!”

*

पेशंट परवडला, पण नातेवाईक? देवा! एका कॉलेजातल्या पोराचा मोटारसायकलवरून पडून हात मोडला होता. त्याची आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “मॅडम, हे लेकरू दिवसभर फोनवर कुणाशी तरी बोलून राहिलं. पोरगी कोण हाय, तेवढं भुलीत इचारून घ्या.”

“ताई, मी डॉक्टर आहे, पोलीस नाही!” मी चांगलंच झापलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

ऑपरेशन झालं. पोरगं डोळे किलकिले करून पुटपुटलं, “पूजा...” मी वळून बघते तर आई माझ्या खांद्याशी उभी! कधी आत घुसली देव जाणे. आणि मला कोपरानं ढोसून म्हणते, “आडनाव! मॅडम, आडनाव इचारा! नुसत्या पूजावरून आमाला काय कळणार?”

*

हर्नियाच्या पेशंटची नवी बायको. नाजूक, शांत, तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, चला, एक तरी घर शहाणं आहे. ऑपरेशन झालं, नवरा अजून गुंगीत होता, मी बाजूच्या खोलीत हात धुवायला गेले, तेवढ्यात मॉनिटर बोंबलायला लागला! ऑक्सिजन गायब! मी ओल्या हातानं पळत आले.

नवरा छान घोरत होता. बाईनं त्याच्या अंगठ्यावरचा मॉनिटरची क्लिप काढली होती आणि तो अंगठा त्याच्याच मोबाईलवर दाबून धरला होता.

मी ओरडले, “अहो, काय करून राहिलात हे?” रागाच्या भरात माझीही भाषा बदलते.

ती न घाबरता म्हणाली, “दोन मिनटं थांबा ना मॅडम. तसाबी त्यो काही बोलून न्हाई राहिला!”

*

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर एक मेंबर पित्ताशयाच्या ऑपरेशनला आले. सरपंच निवडताना त्यांनी दोन्ही गटांना शब्द दिलेला होता, आणि मतदान गुप्त झालं होतं. दोन्ही गटांचे लोक बिस्किटाचे पुडे घेऊन बाहेर बसलेले. मेंबर थिएटरमध्ये जाताना माझा हात धरून म्हणाले, “मॅडम, माझं तोंड सांभाळा. गावात राहायचं हाय मला.”

मी नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं. नार्को टेस्ट नव्हे वगैरे. त्यांचं समाधान झालं नाही.

ऑपरेशन झालं. मी हाक मारली तसे मेंबर दचकून जागे झाले, माझ्याकडं बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “मत तुमालाच दिलं!” मग सर्जनसाहेबांना म्हणाले, “तुमालाच दिलं!” स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाले, “शपथ घेऊन सांगतो, तुमालाच!” वॉर्डात जाईपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला मत देत गेले. दोन्ही गट खूश होऊन गावी परतले!

*

तुम्ही म्हणाल, अडाणी लोक असतात. कसले अडाणी! आमची कमल सिस्टर जन्मभर माझ्या शेजारी उभी राहून पेशंटच्या या प्रश्नाला हसत आली. तिच्यावर ऑपरेशनची वेळ आली तर म्हणते, “मॅडम, मी उठताना फक्त तुमी पाह्यजेत. बाकी स्टाफ बाहेर.”

“कमल, तू पण?”

“माझं येगळं हाय. मला लई गोष्टी ठाऊक हायत!”

व्हायचं तेच झालं. ती शुद्धीवर येत होती आणि सर्जनसाहेब टाके बघायला नेमके आत आले. कमलनं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “ह्यांना कोणीतरी गप बसवा रे. हात कमी अन् तोंडच जास्ती चालून राहिलं.”

कमल परत कामावर आली, तेव्हा सर्जनसाहेबांनी अख्खं ऑपरेशन तोंड मिटून केलं. कमल माझ्या कानाशी येऊन काळजीनं विचारते, “मॅडम, साहेबांची तब्येत बराबर न्हाई का?”

*

सेनगावकडच्या एका खेड्यातले दत्तराव. झुपकेदार पांढऱ्या मिशा, आवाज असा की दवाखान्याच्या काचा हलाव्यात. बायको सरूबाई, पित्ताशयात खडे. नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. मी पोट तपासत होते, सरूबाई समोर झोपलेल्या, आणि दत्तराव सुनेला सांगतात, “तुह्या सासूला इचार, नेमकं कुठं दुखून राहिलं.” सासूनं सुनेला सांगितलं, सुनेनं सासऱ्याला सांगितलं, सासऱ्यानं मला! तपासणीतच मी दमले.

ऑपरेशनच्या दिवशी दत्तराव मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “मॅडम, ती शुद्धीत यायच्या टायमाला पोरं, सुना, कोणीच जवळ नको.”

“काहून?”

“भुलीत काही बी बोलंल.”

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, “दत्तराव, भुलीत कुणी काही बोलत नसतं! ऑपरेशनची काळजी करा!” आणि मनात म्हटलं, आता या म्हाताऱ्यानं काय भानगड करून ठेवलीय!

ऑपरेशन व्यवस्थित झालं. भूल उतरायला लागली. मी हाक मारली, “सरूबाई, डोळे उघडा.” काही नाही. पुन्हा हाक मारली. गाल थोपटले. कमलनं तळवे चोळले. नाडी ठीक, ऑक्सिजन ठीक, श्वासही त्या स्वतः घेत होत्या, पण डोळे काही उघडेनात. वेळ जात चालला. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या तिन्ही मुलांना आत घेतलं. “आई! अय आई!” थोरल्याचे केस पिकलेले, तो तर रडायलाच लागला. सरूबाईंची पापणीसुद्धा हलली नाही. खरं सांगते, मी घाबरले होते. ही बाई परत उठली नाही तर या माणसांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात दत्तराव आत आले. “समदे बाहीर व्हा.”

“आबा, पण...”

“बाहीर!”

काचा हलल्या. मुलं दारापर्यंत मागं सरली, कमलही गेली. मी म्हटलं, मला जाता येणार नाही.

दत्तरावांनी माझ्याकडं बघितलं. “तुमी राहा. पण तिकडं तोंड करा.”

मी मॉनिटरकडं तोंड केलं. मागं खाट करकरली. ते वाकले असावेत. मग त्यांनी एक नाव घेतलं. सरूबाई नव्हे, दुसरंच. कोणतं ते विचारू नका, पेशंटचं गुपित मी सांगत नसते. पहिल्यांदा अगदी कुजबुजत. मग खाकरून त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. दाराच्या फटीत तीन डोकी एकावर एक.

मला राहवलं नाही, मी वळले.

सरूबाईंनी डोळे उघडले होते. सलाइन लावलेला हात कसाबसा उचलून त्यांनी दत्तरावांच्या मिशांवर ठेवला.

“हळू बोला ना वो,” त्या म्हणाल्या. “लेकरं उठतील.”